स्मारक नाणी आणि नामवंतांची पदके : गुंतवणूक की हौस?

आंबा-काजूचा हंगाम संपला की मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीकडील आपल्या व्यापारी बांधवांच्या हाती चार पैसे येतात. कुणाचा मुलगा आखातातून रक्कम पाठवितो. अशा वेळी कुणीतरी मखमली डबीतले चकचकीत नाणे पुढे ठेवतो व म्हणतो, "घेऊन ठेवा, दहा वर्षांत दसपट होईल." हा सौदा करावा की नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कोणत्याही नाण्याला तीन किमती असतात : त्यावर छापलेली, त्यातील धातूची आणि संग्राहक देईल ती. पहिल्या दोन आपल्याला घरबसल्या काढता येतात. तिसरी मात्र गिऱ्हाईक मिळाले तरच खरी.

आधी धातू पाहू. आजीच्या पेटीत सापडणारा राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा व सुमारे ९२ टक्के चांदीचा असतो. म्हणजे शुद्ध चांदी पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास. १९४० नंतरच्या राजाछाप रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला निघालेले दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे, त्यात ८० टक्के म्हणजे १२ ग्रॅम चांदी. टांकसाळीने डबीतून विकलेले शंभर रुपयांचे नाणे बहुधा ३५ ग्रॅमचे असून त्यात निम्मी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी असते. हिशोबाच्या सोयीसाठी चांदी ग्रॅमला १०० रुपये धरली, तर त्यात १,७५० रुपयांचा माल झाला. तेच नाणे ३,५०० ला घेतले, तर उरलेले १,७५० हौसेचे समजावेत. चांदी दुप्पट झाली तेव्हा कुठे मुद्दल सुटेल.

चलनातील स्मारक नाण्यांची गोष्ट वेगळी. शिवछत्रपतींचे १९९९ चे दोन रुपयांचे नाणे किंवा वैष्णोदेवीचे २०१२ चे पाच व दहा रुपयांचे नाणे व्यवहारासाठी मोठ्या संख्येने पाडले गेले. ते लाखो रुपयांना विकले जाते, ही अफवा आहे. ७८६ क्रमांकाच्या नोटेबद्दलही अशाच वावड्या उठतात. जुनी नाणी-नोटा विकून देतो असे सांगून रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी 'कमिशन' किंवा 'कर' मागणाऱ्या ठगांविरुद्ध खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. जो विकत घेण्याआधी आपल्याकडूनच पैसे मागतो, तो गिऱ्हाईक नव्हे.

नामवंतांच्या पदकांबाबत तर दुप्पट सावधगिरी हवी. पदक हे चलन नाही, त्यामुळे छापील किंमत शून्य. २०१३ मध्ये सचिन तेंडुलकरचे चित्र असलेली दहा ग्रॅमची सोन्याची नाणी 'मर्यादित' म्हणून बाजारात आली, ती एक लाख नग! लाखाने असलेली वस्तू दुर्मीळ कशी म्हणावी? विकायला गेल्यावर सराफ सोने तोलतो, चेहरा तोलत नाही. अमेरिकेत फ्रँकलिन मिंट या खासगी कंपनीची चांदीची पदके वर्गणी भरून घेणाऱ्यांना १९७० च्या दशकात हाच अनुभव आला. पुढे १९८० साली चांदी कडाडली, तेव्हा त्यातील कितीतरी पदके मुशीत गेली.

कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०११ च्या नाणे कायद्याने नाणे वितळविणे वा तोडणे हा गुन्हा आहे. सोनारकाम करणाऱ्या बांधवांनी हे विसरू नये. तसेच शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. आखातात जाताना ते भेट म्हणून सामानात घालू नये.

मग घ्यावे काय? हौस असेल तर जरूर घ्यावे. शक्यतो थेट सरकारी टांकसाळीकडून, पक्क्या पावतीसह. डबी व प्रमाणपत्र जपावे. नाणे कधीही घासूनपुसून चकचकीत करू नये, त्याने संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. खासगी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : "हेच नाणे आज परत आणले तर किती द्याल?" उत्तर टाळले, तर आपणही सौदा टाळावा. चांदीच्या नाण्यांची जकात कशी धरावी, हे आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

शेवटी, धंद्याचे भांडवल यात मुळीच अडकवू नये. पावसाळी बंदी उठल्यावर जाळी व डिझेल यांना रोकड लागते, बागायतदाराला आगाऊ रक्कम द्यावी लागते. त्या दिवशी मालवणच्या बाजारात त्या डबीला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. हौसेचे नाणे पेटीत शोभते. धंद्याचा पैसा फिरता असावा.