पायाकडे जाणारा लांब तंतू

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस हुगळी नदीच्या पूर्व काठावर गार्डन रीच नावाची वस्ती आहे. नागपूरच्या जुन्या रेल्वे कर्मचाऱ्यांना हे नाव परके नाही. बंगाल-नागपूर रेल्वेची मुख्य कचेरी येथेच होती, आणि आज दक्षिण-पूर्व रेल्वेचा कारभारही येथूनच चालतो. १८५६ साली अवधचे राज्य गमावलेला नबाब वाजिद अली शहा याच परिसरातील मटियाबुर्ज येथे येऊन राहिला. पुढे बागा आणि बंगले मागे पडून गोद्या, कारखाने व जहाजबांधणीचे आवार यांनी हा काठ व्यापला. समोरच्या काठावर मात्र १७८७ साली स्थापन झालेले वनस्पती-उद्यान अजून उभे आहे.

या उद्यानात १८३९ साली एक विलक्षण प्रयोग झाला. विल्यम ब्रूक ओशॉनेसी हे कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनी उद्यानात कित्येक मैल लांबीची तार ताणली आणि विजेच्या साहाय्याने संदेश पाठवून पाहिले. आवरण घातलेली तार नदीच्या पाण्याखालून नेण्याचाही यत्न त्यांनी केला. हिंदुस्थानातील तारखात्याचे हे बीजारोपण होय. त्यात मौजेची गोष्ट अशी की, आलेला संदेश ओळखण्याचे साधन म्हणून त्यांनी चक्क माणसाचे बोट वापरले. तारेतून येणारे सौम्य झटके बोटाला जाणवत आणि त्यांवरून अक्षर ओळखले जाई. म्हणजे धातूची तार संपली तेथे मज्जातंतूची तार सुरू झाली, आणि संदेशाचा अखेरचा टप्पा बोटापासून मेंदूपर्यंतच्या वाटेने पार पडला.

त्या काळापासून मज्जासंस्थेला तारायंत्राची उपमा देण्याचा प्रघात पडला आहे. शाळेच्या पुस्तकांत मेंदू हे मुख्य तार-कार्यालय असते, मज्जारज्जू ही मोठी वाहिनी असते आणि हातापायांत जाणारे तंतू या तिच्या शाखा असतात. उपमा सोयीची आहे, परंतु ती पुरती खरी नाही. आणि ती जेथे लंगडी पडते तेथेच या संस्थेचे खरे मर्म आहे. गार्डन रीचपासून फार दूर नसलेल्या बेहाला या भागात १९८८ च्या पावसाळ्यात जे घडले, ते समजण्यासाठी हे मर्म जाणून घेणे आवश्यक आहे.

बेहालातील शेकडो माणसांचे पाय त्या पावसाळ्यात एकाएकी लुळे पडू लागले. ताप नव्हता, मार लागला नव्हता. तपासाअंती दोष स्वयंपाकाच्या तेलात आढळला. मोहरीच्याच कुळातील रेपसीड नावाच्या बियांच्या तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे रसायन मिसळले गेले होते. यंत्रांच्या वंगणात आणि प्लास्टिकला लवचीकपणा आणण्यासाठी हे रसायन वापरतात. त्याला जवळजवळ रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि तेलात ते सहज मिसळून जाते. भेसळ ओळखण्याचे गृहिणीपाशी जेवढे उपाय असतात, तेवढे सारे येथे निरुपयोगी ठरतात.

हे विष पोटात गेल्यावर प्रथम उलट्या होतात, पोटात कळा येतात, आणि एक-दोन दिवसांत सर्व काही शमते. घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. मग एक ते तीन आठवडे काहीच होत नाही. त्यानंतर पोटऱ्या दुखू लागतात, तळपायांना मुंग्या येतात, आणि एके दिवशी चालताना पायाचा पुढचा भाग उचलेनासा होतो. पाऊल खाली लोंबते व पायरीला ठेचाळते. काही दिवसांनी हातांच्या पंजांतील बळही जाते. मांड्या, खांदे, मान, चेहरा मात्र बहुधा शाबूत राहतात. बुद्धी तर पूर्ण स्वच्छ असते. विष रक्तावाटे साऱ्या शरीरात पसरते, मग ते पावलांनाच आधी का गाठते? याचे उत्तर शरीररचनेत आहे.

मेंदूपासून निघून पाठीच्या कण्यातील पोकळीत उतरणारा जो मऊ दोर, त्यास मज्जारज्जू म्हणतात. प्रौढ पुरुषात त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि जाडी करंगळीएवढी असते. कणा मात्र त्याहून पुष्कळ लांब असतो. त्यामुळे मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो, आणि त्याखालच्या पोकळीत पायांकडे जाणाऱ्या मज्जांचा जुडगा तेवढा लोंबत असतो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याला अश्वपुच्छ असे नाव मिळाले आहे. पाठीतले पाणी काढून तपासताना डॉक्टर कमरेच्या खालच्या मणक्यांमध्येच सुई घालतात, याचे कारण हेच. तेथे रज्जू नसतोच, आणि पाण्यात तरंगणारे धागे सुईच्या टोकापासून बाजूला सरतात. ही सुई टोचून घेण्यास आपल्याकडे रोगी व नातेवाईक फार भितात. ती भीती रचनेच्या अज्ञानातून आलेली आहे.

मज्जारज्जूपासून मज्जांच्या ३१ जोड्या निघतात: मानेत ८, छातीच्या भागात १२, कमरेत ५, त्रिकास्थीच्या भागात ५ आणि माकडहाडापाशी १. प्रत्येक मज्जेला दोन मुळे असतात. मागील मुळातून संवेदना आत येतात आणि पुढील मुळातून स्नायूंना दिलेल्या आज्ञा बाहेर जातात. हा श्रमविभाग फ्रान्समधील माजँदी यांनी १८२२ साली प्रयोगाने सिद्ध केला. इंग्लंडमधील चार्ल्स बेल यांनी त्याचा काही भाग १८११ मध्येच हेरला होता, आणि श्रेय कोणाचे यावरून पुढे बराच वाद माजला. रज्जूचा आडवा छेद घेतला तर मध्ये फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग दिसतो आणि त्याच्याभोवती पांढरा भाग दिसतो. करड्या भागात पेशी असतात. पांढरा भाग म्हणजे वर-खाली धावणाऱ्या तंतूंचे भारे होत. तंतूंवर स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते, त्यामुळे त्यांना तो शुभ्र रंग येतो.

कोणत्या मज्जा कोठून निघतात हे कळले की दुखापतीचा अर्थही लागतो. हातांकडे जाणाऱ्या मज्जा मानेच्या खालच्या भागातून व छातीच्या अगदी वरच्या टोकातून निघतात. म्हणून गोदीत उंचावरून पडलेल्या मजुराची मान मोडली तर चारही अवयव जातात, आणि इजा पाठीच्या मध्यावर वा खाली झाली तर पाय जातात, हात राहतात. सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या व त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. त्यांनीच १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. त्या यशाच्या मागे त्यांची जिद्द तर होतीच, पण इजेच्या जागेच्या वर निघालेल्या मज्जांनी राखलेले हातही होते.

गोळीने होणारी इजा एका जागी होते. तेलातील विषाची तऱ्हा निराळी आहे, आणि येथे तारेची उपमा सोडावी लागते. तांब्याच्या तारेला अन्न लागत नाही. मज्जातंतू मात्र जिवंत पेशीचाच एक ताणलेला भाग असतो. पावलाच्या स्नायूला हलवणारी पेशी कमरेजवळच्या रज्जूत, करड्या भागाच्या पुढील शिंगात बसलेली असते. तिचे शरीर डोळ्यांनी दिसणारही नाही इतके सूक्ष्म असते. पण तिचा तंतू अश्वपुच्छातून, नितंबातून, मांडीतून व पोटरीतून पावलापर्यंत जातो. त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते. अंगठ्याची संवेदना आणणारी पेशी तर याहून नवलाची आहे. ती कण्यालगतच्या एका गाठीत असते. तिची एक शाखा अंगठ्यापर्यंत खाली जाते आणि दुसरी मज्जारज्जूच्या मागील भागातून थेट मेंदूच्या पायथ्यापर्यंत वर चढते. एका पेशीचा विस्तार जवळजवळ माणसाच्या उंचीएवढा!

संदेशाचा वेग पाहिला तरी तार आणि तंतू यांतील भेद दिसतो. जर्मनीतील हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या मज्जेतील वेग मोजला, तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. माणसाचे जलद तंतूही सेकंदाला १२० मीटरांच्या फारसे पुढे जात नाहीत. सोडियम व पोटॅशियम या क्षारद्रव्यांचे विद्युत्भारित कण तंतूच्या आवरणातून आत-बाहेर होतात आणि तीच लहर पुढे सरकते. परंतु या संदेशाखेरीज तंतूत आणखी एक वाहतूक अखंड चालू असते, ती मालाची. तंतूच्या टोकाला लागणारी प्रथिने पेशीच्या शरीरात तयार होतात आणि तेथून वाहून न्यावी लागतात. सर्वांत जलद माल दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातो. संथ मालाला दिवसाकाठी एखाददुसरा मिलिमीटरच पुढे सरकता येते. म्हणजे कमरेतून निघालेला असा माल पावलापर्यंत पोचायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात.

ट्रायक्रेसिल फॉस्फेटचा एक प्रकार मज्जापेशींतील एका विकराला कायमचा निकामी करतो. त्यानंतर लांब तंतूंची निगा राखणारी व्यवस्था ढासळू लागते. आखूड तंतू निभावून नेतात. ज्यांची पुरवठ्याची वाट सर्वांत लांब, त्यांची टोके आधी मरतात. मग हे मरण टोकाकडून पेशीच्या दिशेने मागे सरकते. यामुळेच पाऊल आधी पडते, हाताचा पंजा नंतर, आणि खांदा बहुधा वाचतो. विष पोटात जाऊन पंधरवडा लोटल्यावर पांगळेपण का येते, तेही यावरून उमगते: विकर लागलीच बंद पडतो, पण तंतू खचायला वेळ लागतो.

हाच न्याय मज्जारज्जूच्या आतही लागू होतो. ब्रिटनमधील कॅव्हॅना यांनी १९५४ साली कोंबड्यांवर प्रयोग करून या विषाने तंतूंची हानी कशी होते ते दाखविले. वर चढणाऱ्या लांब संवेदना-तंतूंचा नाश मानेजवळ, म्हणजे त्यांच्या वरच्या टोकाशी होतो. मेंदूकडून पायांसाठी उतरणाऱ्या आज्ञा-तंतूंचा नाश कमरेजवळ, म्हणजे खालच्या टोकाशी होतो. घाव जागेवर पडत नाही, तो लांबीवर पडतो, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

बेहालाचे संकट पहिले नव्हते. १९३० साली अमेरिकेत आल्याच्या अर्कात हेच रसायन मिसळले गेले आणि हजारो लोक पांगळे झाले. १९५९ मध्ये मोरोक्कोत विमानाच्या इंजिनाचे वंगणतेल खाद्यतेलात मिसळून विकण्यात आले. तेथे सुमारे १०,००० लोकांना बाधा झाली. आपल्या मुंबईतही असे रोगी आढळले, आणि डॉ. व्होरा, डॉ. दस्तूर व त्यांचे सहकारी यांनी त्यांच्यावरील लेख १९६२ साली प्रसिद्ध केला. इतका पूर्वानुभव गाठीशी असताना १९८८ मध्ये तेच तेल पुन्हा शिधा म्हणून घरात यावे, याला दैव म्हणणे कठीण आहे.

अशा रोग्याची परीक्षा करताना डॉक्टर लहान हातोडीने दोन ठिकाणी ठोका मारतात. घोट्यामागील शिरेवर ठोका मारला तर पाऊल हलत नाही. गुडघ्याखाली मारला तर पाय नेहमीपेक्षा अधिक जोराने उडतो. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया ज्या लांब मज्जेवर अवलंबून, तिची टोके मेलेली असतात. गुडघ्याची वाट आखूड, म्हणून ती शाबूत असते; पण तिला आवर घालणारे मेंदूकडचे तंतू तुटल्यामुळे ती बेफाम होते. हातोडीच्या दोन ठोक्यांत मज्जारज्जूच्या बाहेरची आणि आतली, अशा दोन्ही हानी उघड होतात.

या विषावर उतारा नाही. बाहेरील मज्जांचे तंतू मात्र दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतात, म्हणून काही महिन्यांत हाताची पकड सुधारते, कित्येकांच्या पावलांतही थोडे बळ परत येते. नातेवाईकांना वाटते, आता रोगी बरा होणार. याच सुमारास पाय ताठ होऊ लागतात. लुळेपणाखाली इतके दिवस झाकलेली मज्जारज्जूतील इजा आता वर येते, आणि रज्जूच्या आतील तंतू बाहेरच्या तंतूंप्रमाणे पुन्हा वाढत नाहीत. अमेरिकेतील १९३० च्या रोग्यांपैकी काहींची ४७ वर्षांनी तपासणी झाली, तिचा वृत्तांत १९७८ साली छापून आला. त्यांच्यात उरलेली मुख्य व्यंगे मज्जारज्जूचीच होती. व्यायाम, पाऊल उचलून धरणारी पट्टी, घोट्याला आधार देणारे बूट यांच्या साहाय्याने असे रोगी चालतात, कामावरही जातात. त्यांची चाल मात्र कात्रीसारखी राहते, गुडघे एकमेकांना घासतात, आणि पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागतो.