लंडनच्या कडेकडेने

लंडनला वळसा घालणारा सुमारे १८८ किलोमीटरचा एम-२५ हा महामार्ग १९८६ साली पूर्ण झाला आणि लवकरच वाहतूककोंडीसाठी कुप्रसिद्ध झाला. अशा रस्त्याच्या आसपास कुणी मुद्दाम पायी हिंडावे, ही कल्पनाच विक्षिप्त वाटते. लेखक इयान सिंक्लेअर यांनी मात्र सोबत्यांसह, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, हा फेरा टप्प्याटप्प्याने पुरा केला. त्यातून २००२ साली ‘लंडन ऑर्बिटल’ हे पुस्तक आले. अशा लेखनाचा संबंध ‘सायकोजिऑग्राफी’शी, म्हणजे परिसराचा माणसाच्या मनावर आणि वागण्यावर होणारा परिणाम तपासण्याच्या, फ्रेंच विचारवंत गी दबोर यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विचाराशी जोडला जातो. पुस्तकातला सर्वांत कसदार भाग मनोरुग्णालयांचा आहे: महानगराने आपले मनोरुग्ण वेशीबाहेर नेऊन ठेवले, एप्समजवळ तर अशी पाच रुग्णालये उभी राहिली, आणि पुढे ती बंद पडत गेली तेव्हा त्यांतील अनेकांच्या आवारांत, क्लेबरीसारख्या ठिकाणी पाण्याच्या टाकीच्या उंच मनोऱ्यासह जुन्या मुख्य इमारती राखून, महागडी निवासी संकुले उठली, ही सोयीस्कर विस्मृती सिंक्लेअर यांना टोचते. संदर्भांच्या गर्दीने त्यांची शैली वाचकाला दमवते, हे खरेच. तरीही शहरांच्या दुर्लक्षित कडांविषयीच्या इंग्रजी लेखनाचा विचार हे पुस्तक वगळून करता येत नाही.