चालढकल : एक दुर्लक्षित व्याधी

हुबळी-धारवाडात रुग्ण तपासताना मला रोगापेक्षाही ‘उद्या’ या शब्दाचे भय अधिक वाटते. रक्तदाब बहुधा लक्षणांवाचून वाढतो. म्हणून तपासणी लांबते आणि हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांना मूकपणे इजा होत राहते. चालढकल म्हणजे केवळ आळस नव्हे. कामाविषयीची अप्रिय भावना टाळण्याचा तो मार्ग असतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ च्या लेखात सांगितलेला उपाय सोपा आहे : संकल्पाला वेळ व स्थळ जोडावे. ‘लवकरच तपासून घेईन’ याऐवजी ‘सोमवारी सकाळी दुर्गदबैलला बाजारासाठी निघालो की आधी दवाखान्यात जाईन’, असे ठरवावे. विजेचे बिल, विम्याचे नूतनीकरण यांनाही हेच लागू. आपण डॉक्टरांनीही स्वतःचा रक्तदाब शेवटी कधी मोजला, हे आठवून पाहावे.