धसकटांतील अश्मयुग

फाल्गुनाच्या सुमारास शाळू कापून खळ्यावर गेला, की काळ्या रानात धसकटांखेरीज काही उरत नाही. शेतकरी चार दिवस विसावतो आणि नेमक्या याच दिवसांत खांद्याला पिशवी अडकवलेला, मान खाली घालून या बांधापासून त्या बांधापर्यंत सावकाश फेऱ्या घालणारा एखादा मनुष्य क्वचित दृष्टीस पडतो. याचे काही हरवले असावे, असे समजून गुराखी आस्थेने चौकशी करतात. हरवले आहे खरे. परंतु ते टाकून गेलेला माणूस कित्येक हजार, कदाचित लक्षावधी वर्षांपूर्वी होऊन गेला.

या शोधाला कापणीनंतरचा काळच का निवडावा? उभ्या पिकात जमीन दिसत नाही, हे उघडच आहे. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या उलथापालथीत दगड खाली जातात आणि पुन्हा वर येतात. नांगराच्या फाळाने आणखी काही उघडे पडतात. त्यावर वळवाची एखादी सर पडून माती धुऊन गेली, म्हणजे सकाळच्या तिरप्या उन्हात अकीक-गारगोटीचे तुकडे दुरूनही चमकू लागतात.

तथापि प्रत्येक चमकणारा तुकडा हत्यार नव्हे. ऊन, वणवा, बैलगाडीचे चाक यांनीही दगड फुटतो. माणसाने दुसऱ्या दगडाचा नेमका आघात करून छिलका काढला असेल, तर आघाताच्या जागेखाली शिंपल्यासारखा फुगवटा असतो आणि त्यापासून पाण्यातील तरंगांसारख्या वलयरेषा पसरलेल्या दिसतात. ज्या दगडावरून छिलके निघाले, त्या गाभ्यावर तशाच खोलगट खुणा राहतात. एका खुणेवर विसंबू नये. कडेने ओळीने, दोन्ही अंगांनी टवके काढलेले आढळले, तरच मनुष्याचा हात मानावा. मोठ्या बदामाच्या आकाराच्या अशा हत्याराला आपण ‘हातकुऱ्हाड’ म्हणतो. हा शब्द भाषांतराने आलेला असून थोडा फसवा आहे. तिला दांडा नसे, ती तळहातातच धरली जाई.

भारतात या विषयाचा आरंभ एका भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने झाला. रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे जांभ्या खडीच्या खड्ड्यात पहिली हातकुऱ्हाड मिळाली. पुढे त्यांनी दक्षिण भारत पायांखाली घातला आणि जमवलेल्या वस्तूंच्या स्थळांची नोंद ठेवली. त्यांचा संग्रह आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो, तो त्या नोंदींमुळे.

स्थळाचे हे महत्त्व कृष्णा-भीमा दुआबातील एका उदाहरणावरून चांगले ध्यानात येईल. कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यातील हुणसगी आणि बैचबाळ या खोऱ्यांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. के. पद्दय्या यांनी अनेक वर्षे पायपीट करून पुराश्मयुगीन वसतिस्थाने मोठ्या संख्येने उजेडात आणली. त्यांपैकी इसामपूर येथे चुनखडीच्या लाद्या, त्या फोडण्याचे दगडी हातोडे, अर्धवट घडवलेली हत्यारे आणि छिलके हे सारे एकत्र, जागच्या जागी सापडले. त्यावरून हा हत्यारे घडवण्याचा कारखानाच होता, असे सांगता आले. तेथील जनावरांच्या दातांवरून केलेल्या मापनाने त्याचे वय सुमारे बारा लाख वर्षे ठरले. कोणा हौशी माणसाने तेथून सुबक हातकुऱ्हाडी तेवढ्या उचलून नेल्या असत्या, तर हातोडा आणि लादी यांचा संबंध कोणाला कळला असता?

हे लिहिताना मला माझा बिस्किटांचा डबा आठवतो. शाळेत असताना सुटीत मी प्रवरेकाठी मामांकडे जात असे. त्यांच्या दोन शेतांतून मी दगडी पात्यांचे तुकडे वेचले; नखाएवढे, पातळ, धारदार. मामा हसून म्हणत, “अरे, ही खडी घरात कशाला आणतोस? बांधावर टाक.” मी ती डब्यात भरली आणि बरोबरची रंगीत खापरे मात्र ‘फुटकी मडकी’ म्हणून फेकून दिली. पुढे महाविद्यालयात असताना मोठ्या अभिमानाने तो डबा एका प्राध्यापकांसमोर उघडला. त्यांनी पाती निरखली आणि विचारले, “कोणती कोणत्या शेतातली?” मला सांगता येईना. “खापरे होती का?” होती, एवढेच मी म्हणालो. प्रवरेकाठच्या जोर्वे येथे १९५०-५१ साली झालेल्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वसती उघडकीस आली होती. माझी पाती त्याच काळची की त्याहून पुष्कळ जुनी, हे त्या खापरांनी कदाचित सांगितले असते. सरांनी डबा हळूच बंद करून परत दिला. रागावले असते, तर बरे वाटले असते.

म्हणून वाचकांपैकी कोणी मुलांसह शेतात फिरण्यास गेल्यास मालकाची परवानगी घ्यावी, खणू नये, वस्तू दिसली तर ती जागची न हलवता शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे आणि गाव, शेताचे नाव, बांधापासूनचे अंतर वहीत टिपून जवळच्या वस्तुसंग्रहालयास अथवा पुरातत्त्व खात्यास कळवावे. १९७२च्या कायद्यान्वये पुरावस्तूंचा विनापरवाना व्यापार करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी नेता येत नाहीत, हेही माहीत असावे. मुलांना वहीचे काम कंटाळवाणे वाटते. तेच काम त्यांच्याकडे सोपवावे.

हुणसगीच्या बाजूला आता कृष्णेच्या कालव्याचे पाणी पोहोचले आहे. पाण्यासाठी जमीन सपाट करावी लागते, आणि शेतकऱ्याने ती का करू नये? मामांची दोन्ही शेतेही आता उसाखाली आहेत. डबा माझ्याजवळ आहे. गेल्या वर्षी तो घेऊन मी त्या बांधावर जाऊन आलो, निदान दोन शेतांपैकी एक तरी आठवेल या आशेने. ऊस पुरुषभर उंच होता. आत शिरण्यास वाट नव्हती.