जास्त अंतर, कमी वेळ

ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचा मार्ग बदलला. अटलांटिकवरून जाणारे विमान पॅसिफिकवरून जाऊ लागले. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० किलोमीटरवर गेले, वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटला. रस्त्यावरचे गणित आकाशात चालत नाही. तरीही ते तिथे लावले जाते आणि त्यातूनच पुढचे गैरसमज तयार होतात.

गैरसमज : नकाशावरची सरळ रेघ हाच सर्वांत जवळचा मार्ग.

वस्तुस्थिती : भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडते. तिची खरी लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर तो मध्य आशिया, रशिया, फिनलंड, आइसलँड असा वर चढत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर उलगडताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, म्हणून जवळची वाट नकाशावर लांबची दिसते.

गैरसमज : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेचे गाव आपोआप जवळ येते.

वस्तुस्थिती : धावपट्टीवर उभे असलेले विमान आणि भोवतालची हवा, दोन्ही पृथ्वीबरोबरच फिरत असतात. उलट, पश्चिमेकडे जायलाच सहसा जास्त वेळ लागतो. याचे कारण जेट प्रवाह. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे वारे विमानाला मागून रेटतात किंवा समोरून अडवतात. दिल्लीहून पूर्वेकडे निघून पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानाचे दोन तास वाचले ते याच वाऱ्यामुळे.

फेब्रुवारी २०२०मध्ये सियारा वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण तो वेग मोजायचा असतो भोवतालच्या हवेच्या तुलनेत, आणि ती हवाच धावत होती.

गैरसमज : पोहोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा केली की प्रवासाचे तास मिळतात.

वस्तुस्थिती : तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. समजा, विमान मुंबईहून रात्री १ वाजता सुटून न्यूयॉर्कला सकाळी ७ वाजता पोहोचते. उन्हाळ्यात घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक असतो, म्हणजे प्रवास साडेपंधरा तासांचा. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतचा प्रवासही येतो.

गैरसमज : दोन शहरांमधला प्रवासाचा वेळ कायमचा ठरलेला असतो.

वस्तुस्थिती : २०२२मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाल्यावर फिनएअरच्या हेलसिंकी-टोकियो प्रवासाला साडेनऊऐवजी सुमारे तेरा तास लागू लागले, विमाने उत्तर ध्रुवावरूनही जाऊ लागली. फेब्रुवारी ते जुलै २०१९मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती, तेव्हा इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला वळसा घालताना इंधनासाठी दोहा इथे उतरावे लागत होते.