सातूचे पाते आणि मेथीची जुडी

नवरात्रात औंधच्या यमाईच्या मुलखात, आणि साऱ्या महाराष्ट्रातच, घरोघरी घट बसतात. परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती पसरून तिच्यात गहू, ज्वारी, सातू अशी धान्ये पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घटातून झिरपणाऱ्या पाण्यावर दसऱ्यापर्यंत धान चांगले वीतभर वाढते. त्याचे तुरे पुरुष टोपीत खोवतात, बायका केसांत माळतात. हल्ली औषधांच्या दुकानांत ‘बार्ली ग्रास’ नावाची हिरवी पूड मिळते. ती याच सातूच्या, म्हणजे जवाच्या, कोवळ्या पात्यांची असते. तिने रक्त वाढते, मधुमेह हटतो, शरीर शुद्ध होते असे सांगितले जाते. यात खरे किती, हे आपण थोडे मोजमाप करून पाहू.

देवघरातले धान पुष्कळदा पिवळट असते, हे तुम्ही पाहिले असेल. पानाला हिरवा रंग देणारे हरितद्रव्य तयार होण्याची एक पायरी प्रकाशाशिवाय पार पडत नाही. अंधारात वाढणारे रोप केवळ दाण्यातल्या साठ्यावर जगते. पुडीसाठी सातू उन्हात वाढवितात आणि त्याला कांडे धरण्यापूर्वी कापतात. या वयात पाने कोवळी असून त्यांत प्रथिने, बीटा-कॅरोटीन, ‘क’ आणि ‘के’ जीवनसत्त्वे, फॉलिक आम्ल व काही क्षार चांगल्या प्रमाणात असतात. पण मग आपण गवतच का खात नाही? गवतातला सेल्युलोज पचविणारे सूक्ष्मजीव गाईच्या पोटात असतात, तसे आपल्या पोटात पुरेसे नसतात. म्हणून माणसासाठी पात्यांचा रस काढतात किंवा ती वाळवून पूड करतात.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील चार्ल्स श्नाबेल या रसायनतज्ज्ञाने धान्यांची कोवळी पाने कोंबड्यांना खाऊ घातली आणि त्या अधिक अंडी देऊ लागल्याचे पाहून हा चारा माणसाच्या आहारातही आणला. जपानमध्ये हिरव्या रसाला ‘आओजिरू’ म्हणतात. त्यातही सातूची पाने वापरतात.

आता हिशेब करू. ताज्या कोवळ्या पात्यात ८५ टक्के पाणी आहे असे धरू. म्हणजे १०० ग्रॅम पाती वाळविली की १५ ग्रॅम पूड उरेल. दिवसाला एक चमचा, म्हणजे ३ ग्रॅम पूड घेतली, तर ती २० ग्रॅम ताज्या पात्यांची झाली. मेथीच्या पानांतही पाणी जवळजवळ तेवढेच असते, आणि वाटीभर भाजीला सुमारे १०० ग्रॅम पाने सहज लागतात. म्हणजे एका वाटीत पाच चमचे पुडीइतका हिरवा ऐवज आला! पूड अधिक कसदार भासते, कारण तिच्यातले पाणी काढून टाकलेले असते. वाळविल्याने कस एकवटतो, पण नवा निर्माण होत नाही. उलट ‘क’ जीवनसत्त्व काही प्रमाणात घटते.

दुसरा दावा रक्ताचा. हरितद्रव्याचा रेणू आणि रक्तातील हीमचा रेणू यांत विलक्षण साम्य आहे. दोघांतही नायट्रोजनच्या चार अणूंच्या मधोमध एक धातू बसलेला असतो. या दोन्ही रेणूंच्या रचनेवरील संशोधनासाठी हान्स फिशर यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हरितद्रव्यात तो धातू मॅग्नेशियम असतो, हीममध्ये लोह. पालेभाजीत चिंच घालून ती फार वेळ शिजविली की हिरवा रंग जाऊन खाकी छटा येते. आम्लामुळे मॅग्नेशियम निघून त्याची जागा हायड्रोजन घेतो, म्हणून हे घडते. जठरातल्या आम्लातही असेच होते. मॅग्नेशियमच्या जागी लोह बसून हरितद्रव्याचे रक्त होत नाही. हीम आपले शरीर स्वतःच, ग्लायसिनसारख्या साध्या घटकापासून तयार करते. त्याला बाहेरून हवे असते ते लोह.

हा प्रश्न गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा मुलीला चमचाभर पुडीच्या भरवशावर ठेवणे तिच्या हिताचे नाही. तिच्या रक्ताची तपासणी व्हावी आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लोहाच्या गोळ्या मिळाव्यात. जोडीला पालेभाज्या आणि कडधान्ये हवीत. जेवणात लिंबू पिळले किंवा आवळा खाल्ला तर वनस्पतींतले लोह अधिक शोषले जाते; जेवणाला लागून चहा घेतला तर कमी.

मधुमेह पुडीने बरा होत नाही. तिच्यासाठी चालू औषध बंद करणे धोक्याचे आहे. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये, कारण पात्यांतले ‘के’ जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करते.

मग सातूचे पाते वाईट का? मुळीच नाही. ती एक चांगली पालेभाजी आहे, एवढेच. १९३५ साली गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये हिरव्या पानांच्या पोषणमूल्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचा भर सहज मिळणाऱ्या पानांवरच होता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार रुजविले. त्यालाही पैसा लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, एक प्रयोग करा. दोन ताटल्यांत सातू पेरा. एक ताटली खिडकीत ठेवा, दुसरी काळोख्या पेटीत. नऊ दिवसांनी रंग पाहा. मग उजेडातली ५० ग्रॅम पाती आणि मेथीची ५० ग्रॅम पाने शाळेच्या तराजूत तोलून वेगवेगळी वाळवा. वजन घटायचे थांबले की पुन्हा तोला. मिळालेले दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि त्यांखाली पुडीच्या व मेथीच्या जुडीच्या किमती मांडा. कशासाठी किती पैसे मोजायचे, ते मग घरच्यांना तुम्हीच सांगू शकाल.