पोटावरची पिशवी आणि लग्नाची बोलणी

‘पोटावर मलविसर्जनाची पिशवी आहे. लग्न करता येईल का? आणि समोरच्या माणसाला हे सांगायचे केव्हा?’ अशी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे अधूनमधून येतात. पत्राखाली बहुधा नाव नसते. दवाखान्यातही हा प्रश्न रुग्ण स्वतः क्वचितच विचारतो. तपासणी झाल्यावर त्याची आई मागे थांबते आणि हळू आवाजात विचारते. म्हणून आज त्याविषयी मोकळेपणाने लिहीत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर : सुपारी फुटण्याआधी आणि स्वतःच्या तोंडाने.

स्टोमा म्हणजे काय?

गुदाशयाचा कर्करोग, अल्सरेटिव्ह कोलायटिस, अपघातातील इजा, विषमज्वराने किंवा क्षयाने आतड्याला पडलेले छिद्र अशा कारणांनी मल नेहमीच्या वाटेने बाहेर जाणे कधी कधी शक्य नसते. अशा वेळी शल्यचिकित्सक आतड्याचे तोंड पोटावर आणून शिवतात. यालाच स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असल्यास ती कोलोस्टोमी, लहान आतड्याचा असल्यास इलिओस्टोमी. काहींचा स्टोमा काही महिन्यांनी बंद करता येतो, काहींचा कायमचा असतो. आपला कोणता, हे लग्नाचा विचार करण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.

स्टोमा गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल व ओलसर दिसतो. त्याला स्पर्श केल्यास दुखत नाही. मात्र आवळून धरणारा स्नायू नसल्याने मलावर ताबा राहत नाही, म्हणून त्यावर पिशवी चिकटवावी लागते. पिशवी नीट बसलेली असेल तर वास येत नाही आणि शेजारी बसलेल्याला पत्ताही लागत नाही. आंघोळ, नोकरी, शेतीची बहुतेक कामे, प्रवास सारे करता येते. फार जड ओझे उचलण्याबाबत मात्र डॉक्टरांना विचारावे. स्टोमा संसर्गजन्य नाही.

शरीरसंबंध आणि मुले

शरीरसंबंधाने स्टोमाला इजा होत नाही. आधी पिशवी रिकामी करावी, हवे तर तिच्यावर कापडी आवरण घालावे. स्टोमामध्ये काहीही घालू नये, एवढे पथ्य कटाक्षाने पाळावे.

गुदाशय काढताना जवळच्या नसांना धक्का लागल्यास पुरुषांमध्ये ताठरता कमी होऊ शकते. त्यावर उपचार आहेत. स्त्रियांमध्ये ओटीपोटातील शस्त्रक्रियेनंतर गर्भधारणेला वेळ लागू शकतो. पण स्टोमा असलेल्या अनेक स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप झाली आहेत आणि प्रत्येकीला सिझेरियन लागतेच असे नाही. इलिओस्टोमी असल्यास गर्भनिरोधक गोळ्या पूर्णपणे शोषल्या न जाण्याची शक्यता असते. त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

पिशवी मुलांमध्ये उतरत नाही. मूळ आजाराचे मात्र वेगळे आहे. आतड्यात शेकडो मोड येण्याचा एक आनुवंशिक विकार आहे; त्यात प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव ५० टक्के असतो. कोलायटिस काही कुटुंबांत अधिक आढळतो, तरी रुग्णांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही. तेव्हा पिशवीबरोबर मूळ आजारही सांगायला हवा.

केव्हा आणि कसे सांगावे?

बायोडाटात लिहिण्याची गरज नाही. पोह्यांच्या बशा पुढे असताना, दहा माणसांत सांगण्याचीही ही गोष्ट नव्हे. दोन-तीन भेटी झाल्या, एकमेकांविषयी आपुलकी वाटू लागली, की देण्याघेण्याची बोलणी सुरू होण्याआधी सांगावे. कॉलेजात किंवा नोकरीच्या ठिकाणी जुळलेल्यांनाही हाच नियम लागू आहे.

‘लग्नानंतर कळेलच की’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यात मुलाबाळांविषयीची काळजीच असते. पण लग्नानंतर अचानक दिसलेल्या पिशवीपेक्षा ती लपवली होती याचा घाव अधिक खोल जातो. शिवाय हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ नुसार महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने संमती मिळविली असल्यास विवाह रद्द करण्यासाठी न्यायालयात जाता येते. स्टोमा त्यात बसतो की नाही हे न्यायालय ठरवील. पण नव्या संसाराला त्या पायरीवर कशाला न्यायचे?

खरी भीती वेगळीच असते. एका घरी सांगितले, स्थळ मोडले, तर बातमी तालुकाभर होईल! ही भीती खोटी नाही. म्हणूनच मध्यस्थामार्फत न सांगता दोघांनीच बोलावे, आणि ‘हे तुमच्याजवळच राहू द्या’ असे आधी म्हणावे. तरीही धोका थोडा उरतोच. पण लपवून केलेल्या लग्नात तो रोज सोबत राहतो.

शब्द साधे असावेत. उदाहरणार्थ : ‘मला मोठ्या आतड्याचा आजार होता. ऑपरेशन करून ते काढले. आता मल पोटावरच्या पिशवीत जमा होतो. दिवसातून चार-सहा वेळा ती मी स्वतः रिकामी करते. घर, नोकरी, प्रवास सारे करते. तुम्हाला काय विचारायचे ते विचारा.’ इतके बोलून थांबावे. माफी मागू नये. आजारपण हा गुन्हा नव्हे. त्याच दिवशी होकाराचा आग्रह धरू नये. ‘माझ्या डॉक्टरांना आपण दोघे भेटू’ असे मात्र जरूर सुचवावे. अशी जोडपी आली तर मी त्यांना भरपूर वेळ देतो.

नकार आला तर तो समोरच्याचा हक्क आहे. नकार देणाऱ्यांना माझी विनंती एवढीच : विश्वासाने सांगितलेली गोष्ट पारावर नेऊ नका.

मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही स्टोमाधारकांसाठी काम करणारी संस्था आहे, आणि १९९३ पासून जगभर ऑस्टोमी दिनही पाळला जातो. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत स्टोमाची काळजी शिकविणाऱ्या परिचारिका असतात. पिशवी कोणती, कशी, याबरोबरच लग्न झालेल्या एखाद्या स्टोमाधारकाशी गाठ घालून देता येईल का, हेही त्यांना विचारावे. डॉक्टरने तासभर समजावल्याने जे होत नाही, ते अशा एका भेटीने होते.